दिसत नाही, ऐकूही येत नाही : गावानं नेमकं काय करावं?

तिवसा_वावर

जयगुरू मंडळी.

ग्रामपंचायतीत निवडून आलो त्याला अजून वर्ष व्हायचं आहे. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल. आमच्याकडची रीत अशी : मार्च लागला की यादी काढायची, आलेल्या रकमेला डोक्यांनी भागायचं, चेक वाटायचे, फोटो काढायचा. माणशी हजारही पडत नाहीत. लाईट बिल भरलं की संपले.

यंदा यादी वाचताना दोन नावांपाशी अडलो. एक माझा चुलतभाऊ. जन्मापासून ऐकू येत नाही. मूकबधिर शाळेत शिकला. हातवाऱ्यांनी अशा गप्पा हाणायचा की बघणारा दमेल. वावरातलं सगळं काम यायचं. विशीत असताना अंधार पडला की ठेचकाळायला लागला, तर लोक म्हणाले पितो. आता पस्तिशी आली. दुपारच्या उजेडात समोरचा चेहरा दिसतो, पण बाजूनं बैलबंडी आली तरी कळत नाही. समोरच्यानं केलेल्या खुणा नजरेतून निसटतात, म्हणून यानंही खुणा करणं सोडलं.

दुसरी एक आजी, ऐंशीच्या पुढची. आधी कान गेले, मग डोळे. सून खरंच चांगली आहे, जेवण-अंघोळ सगळं वेळेवर करते. पण आजी दिवसभर सपरीत (ओसरीत) बसून असते आणि अंगाला हात लागला की दचकते.

दोघांनाही गावात कोणी उपाशी ठेवत नाही. सणाला चार घरून पुरणपोळीचं ताट येते. बोलत मात्र कोणी नाही. तर गाव म्हणून काय करावं? पैसे थोडे आहेत, पण आहेत. वस्तू घ्यावी का? कोणती? की दुसरंच काही?

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, पैले थो चेकवाटपाचा फोटो बंद करा. त्यायले फोटो दिसत नाई अन् टाळ्या ऐकू येत नाई. मंग कार्यक्रम कोनाचा हाये?

संत्रानगरी

सरपंचाचा. हाहा.

पण गंमत सोडा. तुमच्या गावात दोनच निघाले? वर्ल्ड फेडरेशन ऑफ द डेफब्लाइंडचा २०१८ चा अहवाल सांगतो की लोकसंख्येच्या ०.२ टक्के लोकांना हे दोन्ही त्रास तीव्र असतात, आणि सौम्य धरले तर आणखी सुमारे २ टक्के. दोन हजारांच्या गावात पहिल्या हिशोबानं चार, दुसऱ्यानं चाळीस. आपल्या २०११ च्या जनगणनेत यांचा वेगळा खानाच नव्हता. कोणी आंधळ्यांत गेले, कोणी बहिऱ्यांत, कोणी बहुविकलांगांत.

तिवसा_वावर

गाव अठराशेचं आहे. तसं मोजलं तर पारावर बसणारे अर्धे बुढे यादीत येतील.

डोळस_वर्धेकर

नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून मध्ये पडतो. या दोन माणसांना एका यादीत असू द्या, पण उपाय एक समजू नका.

आजीचं आधी. "वय झालं" हा निदानाचा प्रकार नाही. मोतीबिंदू पिकून पांढरा झाला असेल तर ऐंशीच्या वरही शस्त्रक्रिया होते आणि मोफत होते. कानात मळाचा दगड झालेले म्हातारे मी कितीतरी पाहिलेत. आमच्या शेजारच्या ओपीडीत पिचकारीनं मळ काढल्यावर एका आजोबांनी आधी पंख्याकडे वर पाहिलं होतं, कारण त्याचा आवाज त्यांना आला होता. साखर तपासा, काचबिंदू तपासा. यातून एक इंद्रिय थोडं जरी परत आलं तरी अर्धं काम झालं. नाहीच आलं तर मग पुढचं.

भावाचं वर्णन वाचून उशर सिंड्रोमचा संशय येतो. जन्मतः बहिरेपणा आणि पुढे रेटिनायटिस पिगमेंटोसा, म्हणजे डोळ्याच्या मागचा पडदा हळूहळू खराब होणं. आधी रातआंधळेपणा, मग नजर कडेनं आत आत येत नळीतून पाहिल्यासारखी होते. आई-वडील दोघांकडून दोष यावा लागतो, म्हणून मामेबहीण-आतेभावाच्या लग्नांतून जास्त दिसतो. त्याला तपासल्याशिवाय मी ठामपणे काही म्हणणार नाही. पण एक विनंती ठाम आहे : घरात दुसरं कोणी जन्मापासून ऐकू न येणारं असेल तर त्याचे डोळे आत्ताच तपासा. खरं तर मूकबधिर शाळेतल्या प्रत्येक पोराच्या डोळ्याच्या मागचा पडदा एकदा बघायला हवा. संध्याकाळी चाचपडणारं पोरगं शिक्षकांच्या लक्षात येतं, पण "धांदरट आहे" म्हणून सोडून देतात.

पदर_खोचून

डॉक्टरसाहेब, रुबेलाचं राहिलं. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयाचा दोष एकदम येऊ शकतो. मी आशा सेविका आहे, चंद्रपूर जिल्ह्यात. २०१८ च्या नोव्हेंबरात राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम निघाली तेव्हा व्हॉट्सॲपवर अशा काही अफवा फिरल्या की पालक शाळेतून पोरं पळवून नेत. आता ९ महिन्यांनी आणि दीड वर्षाला नियमित डोस असतो. द्या म्हणावं गुपचूप.

पुणेकर_सध्या

कटू वाटेल, पण गावात हे जमणार नाही. चार दिवस उत्साह, पाचव्या दिवशी कापूस वेचणी. अशा माणसांना तज्ज्ञ संस्थेत ठेवणं हाच व्यवहार्य मार्ग. विदर्भात आनंदवन आहे, वझ्झरला शंकरबाबा पापळकरांचं काम आहे. तिथे चौकशी करा.

झाडीपट्टी

पुणेकर, शंकरबाबांना २०२४ ला पद्मश्री मिळाली ती बेवारस दिव्यांग लेकरांना स्वतःचं नाव देऊन सांभाळलं म्हणून. या भावाला घर आहे, वावर आहे, चुलतभाऊ सदस्य आहे. तो बेवारस कुठून झाला? आणि आनंदवनात अंधांची शाळा आहे, मूकबधिरांचीही आहे, पण पस्तिशीच्या शेतकऱ्याला शाळेत घालता का?

पुणेकर_सध्या

शाळेत घाला म्हणालो नाही. पण दिवसभर सपरीत बसून भिंत चाचपण्यापेक्षा जिथे कोणाला तरी त्याची भाषा येते तिथे राहणं वाईट का? "आपलं गाव, आपली माती" या भावनेपायी आपण माणसाला एकटं पाडतो. हे आधी मान्य करा, मग माझ्यावर तुटून पडा.

यवतमाळची_लेक

पुणेकरांचा दुसरा मुद्दा खरा आहे, पहिला नाही. भाषा जाणणारा माणूस हवा, हे बरोबर. तो गावात तयार होत नाही, हे चूक.

मी विशेष शिक्षिका. या क्षेत्रात आपल्याकडे काम तसं उशिरा सुरू झालं. मुंबईत हेलन केलर इन्स्टिट्यूट १९७७ मध्ये बेरोझ वाच्छा यांनी काढली, अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ ची. दोन्ही ठिकाणी फोन करून विचारता येतं. मोठं कौशल्य लागतं, पण सुरुवातीच्या गोष्टींना लागते ती फक्त शिस्त.

आजी दचकते, कारण तिला होणारा प्रत्येक स्पर्श न सांगता येतो आणि आला की लगेच काहीतरी घडतं. तोंडात घास येतो, अंगावर पाणी पडतं, काखेत हात घालून कोणी उठवतं. मग हात लागला की अंग आखडणारच. म्हणून आधी दंडावर नाहीतर हाताच्या पाठीवर तळवा सपाट ठेवायचा आणि तसाच ठेवायचा. ती वळेपर्यंत. मग मी कोण ते सांगायचं. सुनेनं आजीची बोटं आपल्या बांगड्यांवर न्यायची, मुलानं मनगटातल्या कड्यावर, नातीनं वेणीवर. ज्याची जी खूण ती कायम तीच. एकदा ठरली की पाहुणे आले म्हणून बदलायची नाही.

नंतर काय होणार ते सांगायचं. अंघोळ असेल तर रिकामा गडवा हातात द्या. तिला तो चाचपू द्या, मग हात बादलीत बुडवू द्या, मग पाणी. बाहेर जायचं असेल तर चपला हातात. जेवण असेल तर ताटाची कड. आणि थांबा. हे थांबणंच कोणाला जमत नाही, कारण चुलीवर भाजी असते. पण आठवडा-दोन आठवड्यांत ती गडवा हातात आला की स्वतः पदर खोचायला लागते, म्हणजे समजलं.

तिचा हात धरून ओढू नका. आपला हात खाली, तिचा वर. वर असलेला हात तिला केव्हाही काढून घेता येतो. निघताना निघतोय हे सांगा, आणि तिचा हात खांबाला, भिंतीला, बाजेला लावून निघा. मोकळ्या जागी सोडून गेलात तर ती आहे तिथेच उभी राहते.

भावाचं वेगळं. त्याच्याकडे अख्खी भाषा आहे, ही फार मोठी शिदोरी. नवीन काही शिकवू नका. समोर तीन-चार फुटांवर उभं राहायचं, उजेड आपल्या तोंडावर घ्यायचा, शर्ट गडद आणि बिनरेघांचा, आणि खुणा छातीसमोर लहानशा चौकटीत करायच्या, हात पसरून नाही. तेही दिसेनासं झालं की तो आपले हात तुमच्या हातांवर ठेवून खुणा वाचेल. हे आत्ता, थोडं दिसतंय तोवर सुरू करा. नंतर फार जड जातं. आता प्रश्न एवढाच : गावात त्याच्या खुणा कोणाला येतात?

तिवसा_वावर

माझ्या काकूला येत होत्या. ती गेली. बायकोला त्याच्या घरापुरत्या येतात. मला लहानपणी येत होत्या, आता चार-दोन.

वऱ्हाडी_ठेचा

मंग तुमीच शिका नं बापा. निधी खर्चासाठी नाव दुसऱ्याचं कावून पाह्यता?

यवतमाळची_लेक

त्याच्या शाळेतले मित्र शोधा. मूकबधिर शाळेतली मुलं एकमेकांना विसरत नाहीत, त्यांचे ग्रुप असतात. महिन्यातून एकदा एक जण जरी आला तरी फरक पडेल, आणि तुमच्या गावातल्या दोन पोरांना तोच शिकवेल, तुमच्यापेक्षा चांगलं.

मास्तर_आर्वी

उत्तम चर्चा. आपल्या विदर्भातच प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज होऊन गेले. जन्म १८८१, बालपणीच दृष्टी गेली, आणि १९१५ मध्ये अवघ्या चौतिसाव्या वर्षी देह ठेवेपर्यंत केवढी ग्रंथरचना केली! इच्छाशक्ती असली की इंद्रियांवाचून अडत नाही, हे आपण या बांधवांना सांगितलं पाहिजे.

संत्रानगरी

मास्तर, आदर ठेवून सांगतो, महाराजांना ऐकू येत होतं. लोक ग्रंथ वाचून दाखवायचे, ते सांगायचे आणि लोक लिहून घ्यायचे. इथे तो दरवाजाच बंद आहे. आणि "सांगितलं पाहिजे" म्हणता, तर सांगणार कसं, हाच तर धागा आहे.

मास्तर_आर्वी

मान्य. मग माझ्या कामाचं सांगतो. तळहातावर बोटानं अक्षर काढणं ही पद्धत शाळा शिकलेल्या कोणाहीशी चालते. आमच्या शेजारी एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांचे दोन्ही गेले. त्यांचा नातू तळव्यावर अक्षर काढायचा. एक अक्षर पूर्ण, थांबायचं, पुढचं त्याच जागी, पहिल्यावरच. शब्द संपला की तळवा हलका पुसायचा. जोडाक्षर सोडून द्यायचं, "प्रकाश" ऐवजी "परकाश" चालतं. कानामात्रा मात्र गाळायची नाही, "काका"चा "कक" होतो. पोस्टमन असल्यामुळे की काय, बुवा दोन अक्षरांत पत्ता ओळखायचे आणि नातवाला पुढचं लिहूच द्यायचे नाहीत.

हेलन केलरची शिक्षिका ॲन सलिव्हन हेच बोटांच्या मुळाक्षरांनी करायची. १८८७ च्या एप्रिलात पंपाखाली एक हात धरून दुसऱ्या हातावर पाणी हा शब्द काढला, तिथून ती मुलगी सुटली. १९५५ मध्ये त्या भारतातही येऊन गेल्या होत्या.

पदर_खोचून

मास्तर, आमची आजी अंगठा लावते. तळव्यावर काय काढू?

आणि यवतमाळच्या ताईंनी छान लिहिलं, पण एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. गावात कोण कोणाला हात लावतं, याचे कायदे आहेत. भासऱ्यासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, पदर घेणारी बाई त्याच्या हातावर हात ठेवून बोटं फिरवणार? मी जाते त्या एका घरात नेमकं हेच होतं. मोठा भाऊ, दोन्ही गेलेलं, लग्न नाही. घरात दिवसभर ही एकटी भावजय. ती ताट समोर ठेवायची आणि बाजूला व्हायची. त्याला कळायचंच नाही ताट आलं कधी. थंड भात खायचा, नाहीतर कुत्रं खायचं.

आम्ही बाजेवर काम भागवलं. बाजेच्या लाकडाला हातानं ठोकलं की बसलेल्याला हादरा कळतो. दोन ठोके म्हणजे ताट आलं. तीन म्हणजे बाहेर कोणी भेटायला आलंय. सावकाश एकच म्हणजे मी वावरात चालले, घरात कोणी नाही. दुपट्ट्याचं एक टोक त्याच्या हातात, दुसरं तिच्या, असं करून ती त्याला न्हाणीपर्यंत नेते. हात लागत नाही, काम होतं, आणि सासूचं तोंडही बंद. पुस्तकात हे नसेल.

दुसरं, पोरींचं. ज्या पोरीला दिसत नाही, ऐकू येत नाही, तिला कोण हात लावतंय हे कळणं ही सोय नाही, सुरक्षा आहे. ओळखीची खूण न देता जो हात लावेल त्याला झिडकारायचं, हे तिला आधी शिकवा. "नको"ची खूण "पाणी"च्या खुणेआधी. आणि घरच्यांनीही तिचं "नको" ऐकायचं, नाहीतर त्या खुणेला काय किंमत राहील?

यवतमाळची_लेक

पदर_खोचून ताई, बाजेचे ठोके मी प्रशिक्षणात सांगणार आहे. अगदी बरोबर आहे. सिमेंटच्या ओट्यावर हादरा जात नाही, लाकडातून जातो.

झाडीपट्टी

आमच्याकडची भर. पट्टेदार वाघाच्या भागात रात्री परसाकडे जाणं डोळस माणसालाही अवघड. घराच्या दारापासून संडासापर्यंत कमरेएवढ्या उंचीवर नायलॉनची दोरी बांधा, वळणावर एक गाठ, पायरीशी दोन. घरकुलात संडास मिळाला तर तो घराला चिकटून घ्या. आणि एकदा दोरी बांधली की तिच्यावर कपडे वाळत घालायचे नाहीत! आमच्या काकाजींच्या दोरीवर वहिनीनं लुगडं टाकलं, ते त्याच्यात गुरफटून पडले आणि दोन महिने दोरीला हात लावेनात.

पुणेकर_सध्या

लाल-पांढरी काठी घेतली का त्या भावाला? पांढऱ्या काठीवर लाल पट्टे असले की दिसत नाही आणि ऐकूही येत नाही असा अर्थ होतो.

वऱ्हाडी_ठेचा

ट्रॅक्टरवाल्याले थो अर्थ कोन सांगीन? तो तं लाल सिग्नलचाई अर्थ काढत नाई.

पुणेकर_सध्या

शाळेत सांगा. पोरं घरी जाऊन बापाला सांगतात. शिवाय ती काठी हातात असली की "पितो" म्हणणारे गप्प होतात.

अर्धा_चष्मा

नमस्कार. हा धागा मी अक्षरं खूप मोठी करून, एका वेळी तीन-चार शब्द असा वाचतोय, म्हणून उशीर. बुलढाणा जिल्हा. ऐकू लहानपणी गेलं, नजर आता फक्त मधली उरलीय. धाग्यातल्या त्या भावाच्या जागी मी आहे असं समजा.

सगळ्यांनी आमच्या खाण्याचं, न्हाणीचं, दोरीचं लिहिलं. लागतं ते. पण मला विचाराल तर पहिली गरज बातमीची. गावात काय चाललंय? कोणाचं लग्न जुळलं, कोणाची सून माहेरी निघून गेली, सोयाबीनला आज काय भाव, कोणाच्या विहिरीचं पाणी आटलं. तुम्हाला हे पारावर बसल्या बसल्या फुकट कानावर पडतं. मला ते कोणीतरी मुद्दाम आणून द्यावं लागतं, आणि आणणारा प्रत्येक जण ठरवतो की यातलं याला काय सांगायचं. "काही नाही" हे उत्तर मी आयुष्यात सर्वांत जास्त वेळा वाचलंय. दहा माणसं हसतात, मी विचारतो काय झालं, तर "काही नाही".

माझा वर्गमित्र गावातलाच. तो गेला ते मला तेरवीचं जेवण आलं तेव्हा समजलं. ताटात तेरवीचे पदार्थ होते, म्हणून विचारलं कोणाची. घरच्यांचं म्हणणं, तुला त्रास होईल म्हणून सांगितलं नाही. मला खांदा द्यायचा होता. मला दिसत नाही, पण खांदा शाबूत आहे.

पुणेकर, तुमचा राग आला नाही. मी संस्थेत राहून आलोय, तिथे बोलायला माणसं होती, ते दिवस चांगले होते. तरी परत आलो, कारण तिथे माझं काही नव्हतं. इथे दीड एकर आहे. तुरीच्या शेंगा हाताला कळतात, भरल्या की नाही ते.

कोविडमध्ये सगळ्यांनी अंतर ठेवलं. आमच्यासाठी अंतर म्हणजे बोलणं बंद. तोंडावर मास्क आले, तेव्हा थोडंफार ओठ वाचायचो तेही गेलं. त्या वर्षाबद्दल कोणी विचारत नाही.

तिवसा भाऊ, निधीतून वस्तू घेऊ नका. रोज एक तास माणूस द्या. बातम्या सांगणारा. चांगल्या, वाईट, आणि चहाड्या. चहाड्या नक्की.

वऱ्हाडी_ठेचा

चष्मा भाऊ, चहाड्याचं काम मले द्या. अनुभव दांडगा हाये, मानधन नको.

अर्धा_चष्मा

नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा. मोठ्या अक्षरात. आणि "काही नाही" म्हणालात तर ब्लॉक.

माजी_ग्रामसेवक

आता मूळ प्रश्नाकडे. निधीचं.

५ टक्क्यांचा निधी वाटून टाकायलाच हवा असं कुठे नाही. शासन निर्णयात वैयक्तिक लाभाच्या आणि सामूहिक लाभाच्या, दोन्ही प्रकारच्या बाबी आहेत. वाटप होतं कारण सोपं असतं आणि ऑडिटला हरकत येत नाही. प्रशिक्षणाचा खर्च बसवायचा असेल तर ग्रामसभेत ठराव घ्या, त्यात काम, कालावधी आणि रक्कम स्पष्ट लिहा, आणि गटविकास अधिकाऱ्यांकडून लेखी मार्गदर्शन घेऊन फाईलला लावा. तोंडी "करा हो" वर काही करू नका. माणसाच्या मानधनाबाबत तर लेखीच घ्या. आणि बाकीच्या दिव्यांगांचा वाटा कापून दोघांवर खर्च केला तर ग्रामसभेत रान उठेल, त्यांना आधी विश्वासात घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं.

कागद. भावाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, बघा. लहानपणीच्या तपासणीमुळे त्यावर फक्त श्रवणदोष असणार, पैजेवर सांगतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुविकलांगतेत बधिरांधत्व स्पष्ट लिहिलं आहे. डोळ्यांची टक्केवारी काढून नव्यानं प्रमाणपत्र घ्या. दोन टक्केवारींची सरळ बेरीज होत नाही. मोठीत लहान मिळवताना, लहानीला ९० वजा मोठी यानं गुणून ९० नं भागतात. डोळे ७५ आणि कान ६० असतील तर ८५ येतात. हे सांगायचं कारण, खिडकीवरचा बाबू "जास्तीची आहे ती धरली" म्हणून ७५ वर पाठवून देतो.

८५ चा उपयोग : एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहेच, पण ६५ च्या वर साथीदारालाही निम्मं तिकीट. साथीदाराशिवाय तो जिल्ह्याला जाणार कसा? संजय गांधी निराधार चालू नसेल तर तहसीलला अर्ज. नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना बहुविकलांगांना लागू आहे, वर्षाला १ लाखापर्यंत. नागपूरला केंद्र सरकारचं सीआरसी (दिव्यांगांसाठीचं प्रादेशिक केंद्र) आहे, तपासणी आणि साधनांची चौकशी तिथे करा.

संत्रानगरी

साहेब, हे सगळं एका पोस्टात दिलंत, नाहीतर यासाठी लोक एजंटला दोन-दोन हजार देतात.

पुणेकर_सध्या

माजी_ग्रामसेवक, आजींना पण यूडीआयडी मिळेल का? म्हातारपणामुळे आलेलं चालतं?

माजी_ग्रामसेवक

चालतं. कारण वय असलं तरी टक्केवारी बसली की मिळतं. पण डॉक्टरांनी वर लिहिलंय तसं आधी मोतीबिंदूचं बघा. शस्त्रक्रिया होण्यासारखी असेल तर प्रमाणपत्र देणारं वैद्यकीय बोर्ड आधी तेच सांगेल.

तिवसा_वावर

सगळ्यांचे आभार. मधल्या काळात झालं ते सांगतो.

आजीला दाखवून आणलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रिया होईल म्हणाले, उजव्यात काचबिंदूनं नस गेलेली. कानातून मळ निघाला, पण ऐकण्यात फरक नाही. सूनबाईनं बांगड्यांची खूण सुरू केली. पहिल्या दिवशी आजीनं बांगड्या मोजल्या आणि एक कमी आहे म्हणून ओरडली. वाढली होती म्हणे सकाळीच, आजीला बरोबर कळलं.

भावाच्या कार्डावर श्रवणदोषच आहे, ग्रामसेवक साहेब पैज जिंकले. त्याच्या शाळेतला एक मित्र मोर्शीला वेल्डिंगचं दुकान चालवतो, तो रविवारी आला होता. दोघं दुपारभर एकमेकांचे हात धरून बसले होते. काय बोलले विचारलं तर भाऊ म्हणतो, "काही नाही". अर्धा_चष्मा, तुमचा बदला पुरा झाला.

ग्रामसभा पुढच्या महिन्यात. इतर दिव्यांगांच्या घरी जाऊन आलो. तिघं म्हणाले आमचे हजार सोडणार नाही, ते रास्त आहे. उरलेले तयार आहेत, पण एक अट घातली : शिकवणी सगळ्यांसाठी ठेवा, त्यांच्या घरातले कमी ऐकू येणारे बुढेही बसतील. दोन पोरं निवडलीत, बारावी झालेली. त्यातल्या पोरीच्या वडिलांनी हरकत घेतली, भावाजवळ एकटी बसणार नाही म्हणून.

पदर_खोचून

अपेक्षितच. शिकवणी अंगणवाडीत ठेवा, दार उघडं, सेविका हजर. आणि पोरीला आजीकडे पाठवा, पोराला भावाकडे. वडिलांना त्या शिकवणीला एकदा बसवा.

यवतमाळची_लेक

आणि शिकवणारा भावालाच करा. वेल्डर मित्र आणि तो, दोघं मिळून. मानधन द्यायचंच असेल तर त्याच्या नावानं काढा.

माजी_ग्रामसेवक

हे उत्तम. लाभार्थीच प्रशिक्षक असेल तर ठरावाची भाषा बदलावी लागेल. मसुदा इथे टाका, मी बघतो. "मानधन" शब्दाऐवजी "प्रशिक्षण खर्च" लिहा, आणि हजेरीपट ठेवा. अंगठे चालतात.

अर्धा_चष्मा

बुलढाण्याहून तिवशाला यायला दोन एसटी बदलाव्या लागतात. साथीदाराला निम्मं तिकीट आहे, हे आत्ता कळलं. शिकवणीची तारीख कळवा.